पाठराखीण

मंगळवारी सकाळी रुचिराने आपला बंद पडलेला लॅपटॉप हातगाडीवाल्याला देऊन टाकला आणि त्याच्या बदल्यात निळी बादली घेतली. घाटकोपरच्या भटवाडीत राऊळांचं घर चौथ्या मजल्यावर. खाली गाडीवाला ‘बंद मोबाईल, टूटा लॅपटॉप’ म्हणून ओरडत होता आणि लॅपटॉप वर्षभर कपाटावर धूळ खात होता. आईने बादली बोटाने ठोकून पाहिली, म्हणाली, “बरी आहे गं,” आणि विषय संपला.

संध्याकाळी तोच विषय पुन्हा निघाला. बाबा, म्हणजे दशरथ राऊळ, कामावरून आले, पाय धुतले आणि नजर कपाटावर गेली.

“रुचिरा, इथला लॅपटॉप?”

“दिला. त्याची बादली आली. मोरीत आहे बघा.”

बाबा मोरीपर्यंत गेले, बादली बघून परत आले. “बॅटरी होती गं त्यात.”

“बंद होता तो, बाबा.”

“लॅपटॉप बंद होता. बॅटरी कुठे बंद असते? कोणी हातोडी मारली तर पेट घेईल.” मग पुन्हा कपाटाकडे बघत, “आणि तुझा प्रबंध? तो काढून घेतलास का?”

“छापलाय तो. अहो, घरात तरी ऑफिसचं स्टोअर उघडू नका!”

बाबांनी चपला घातल्या आणि खाली उतरले. तासाभराने रिकाम्या हाताने आले. “भेटला नाही. उद्या बघतो,” एवढंच म्हणाले आणि कुळथाची पिठी-भात जेवले. आईने पिठी खारट झाली का विचारलं, तर म्हणाले, “समुद्राच्या मानाने नाही.” आई हसली. रुचिरा पुस्तकात डोकं घालून बसली होती, तीही हसली, पण वर बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा नेहमीपेक्षा अर्धा तास आधी निघाले. दुपारी दोनच्या सुमाराला, अंधेरीच्या ऑफिसातल्या स्टोअरमध्ये, आपल्या खुर्चीत बसल्या जागी ते गेले. वय एकसष्ट.

एमआयडीसीतली ती कंपनी लोकांच्या आजारपणाच्या विम्याचे कागद तपासायची. बाबा तिथे सव्वीस वर्षं स्टोअरकीपर. निवृत्तीनंतरही कंपनीने त्यांना सोडलं नव्हतं, कारण एक काम दुसऱ्या कोणाला नीट येत नव्हतं: जुने कॉम्प्युटर घालवणं. बाबा प्रत्येक मशीनला सुतळीने चिठ्ठी बांधत. चिठ्ठीवर तीन गोष्टी: मशीन कोणाचं, तो माणूस कुठल्या खात्यातला आणि आत काय आहे. हार्ड डिस्कला स्वतः ड्रिलने भोक पाडत. मग कल्याणच्या पुढे, सरकारी नोंदणी असलेल्या रिसायकलरच्या कारखान्यात माल निघाला की टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून स्वतः जात. शेवटच्या मशीनचा चुरा होईपर्यंत तिथून हलत नसत.

ऑफिसात कोणीतरी एकदा टोमणा मारला, “राऊळ म्हणजे कॉम्प्युटरची पाठराखीण!” लग्नानंतर मुलगी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा सोबतीला एखादी मावशी, आत्या जाते, ती पाठराखीण. बाबांना नाव फारच आवडलं. “बरोबर आहे. सासर कसं आहे ते बघायला नको?” कारखान्यातून ते न चुकता घरी फोन करत. “पोचली गं सगळी.” रुचिरा “बरं” म्हणून फोन ठेवत असे.

ती मुलुंडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. शाळेत असताना तेजल नावाच्या मैत्रिणीने विचारलं होतं, “तुझे बाबा काय करतात?” तर ही म्हणाली, “ऑफिसात असतात.” तेव्हापासून उत्तर तेच. पण दोन वर्षांपूर्वीची गोष्ट त्याहून वाईट होती. कॉलेजातले तीस जुने कॉम्प्युटर निघायचे होते. प्राचार्यांनी कुठूनतरी नंबर मिळवून बाबांनाच सल्ल्याला बोलावलं, नात्याची कल्पना नसताना. बाबा रबरी हातमोजे घालून, गुडघ्यावर बसून चिठ्ठ्या बांधत होते. रुचिराच्या सहकारी नीलाबाईंनी दारातून विचारलं, “हे कोण गं?” रुचिरा म्हणाली, “ई-कचऱ्यासाठी आलेत.” बाबांनी ऐकलं. उठले, हातमोजे काढले आणि कागद रुचिरापुढे करून म्हणाले, “मॅडम, इथे सही करता?”

घरी त्याबद्दल ते कधीच बोलले नाहीत. तीही बोलली नाही.

बाबा गेल्याच्या दहाव्या दिवशी कुंडलिककाका आले. बाबांच्याच गावचे. कांदिवलीला एका सोसायटीत वॉचमन आहेत एवढंच तिला माहीत होतं. चहाचा कप त्यांनी दोन्ही तळव्यांत धरला. बोटांची कातडी जळून ताणलेली, नखं अर्धीच.

“तुझ्या बापाशीन ह्यां तुका कधी सांगल्यान नाय?” त्यांनी हात पुढे केले. मग मुंबईच्या मराठीत सांगू लागले, कारण आता डोळे भरत होते आणि मालवणीत ते जास्त भरले असते. पंधरा वर्षांपूर्वी ते खाडीकाठच्या एका शेडमध्ये कामाला होते. तांब्यासाठी वायरी जाळायच्या, सोन्याच्या कणासाठी कॉम्प्युटरमधल्या हिरव्या सर्किटच्या पट्ट्या उघड्या हातांनी ॲसिडात बुडवायच्या. दशरथ गावच्या जत्रेचा निरोप द्यायला तिथे आले आणि समोर फुटत असलेल्या कॉम्प्युटरवर त्यांना स्वतःचं अक्षर दिसलं. त्यांच्याच ऑफिसचा माल. त्यांनीच महिन्यापूर्वी नाक्यावरच्या भंगारवाल्याला देऊन स्टोअर रिकामं केल्याबद्दल शाबासकी घेतली होती.

“खाली बसला तो, मातीत. म्हणाला, कुंडलिका, ह्यां मीच धाडलंय तुझ्या हातावर.” काकांनी कप खाली ठेवला. “आठ दिवसात मला तिथून काढलं, वॉचमनकी लावून दिली. आणि तेव्हापासून टेम्पोत बसायला लागला.”

रुचिराने आयुष्यभर पुस्तकं वाचली होती, मोठ्या माणसांची चरित्रंही. आपल्या घरात रोज पाय धुऊन जेवायला बसणाऱ्या माणसाचं चरित्र तिने असं परक्याच्या तोंडून ऐकलं.

सतराव्या दिवशी, शुक्रवारी, ऑफिसातून शीतलचा फोन आला. ती कॉम्प्युटरची देखभाल करायची, बाबांच्या हाताखाली चार वर्षं शिकलेली. “ताई, काकांचा डबा, चष्मा न्यायला या. आणि आजच या. काकांनी बांधलेली सगळी मशीनं संध्याकाळी भंगारवाला उचलतोय. मी बोलून बघितलं. माझं कोण ऐकतंय?”

स्टोअरमध्ये रॅकवर सत्त्याऐंशी मशीनं ओळीने उभी होती, प्रत्येकाला चिठ्ठी. ॲडमिनचा प्रमुख मुकुल सबनीस पस्तिशीचा, घाईचा, पण वाईट नव्हता. त्याने रुचिराला बाबांचीच खुर्ची दिली आणि मग लक्षात येऊन ओशाळला.

“काकांची पद्धत झकासच होती, ताई. पण सोमवारी सुतार येतायत, त्याआधी ही खोली रिकामी हवी. रिसायकलरचा टेम्पो गुरुवारशिवाय नाही. हा नाक्यावरचा माणूस आजच उचलतो, वर झाडून पण देतो.”

“मग कुठे नेतो?”

“ते कशाला बघायचं यार... सॉरी, ताई.”

“कोणाच्या तरी हातावर जातं ते.” तिने कुंडलिककाकांचे हात सांगितले, आवाज न चढवता. “कंपनीसारख्या मोठ्या ग्राहकाने नोंदणी असलेल्याकडेच द्यायचं, हा नियम आहे म्हणे. पण बाबा नियमासाठी जात नव्हते. या डिस्कांना अजून भोकं पाडलेली नाहीत. लोकांनी तुमच्या भरवशावर आपली आजारपणं पाठवली, ती सगळी आत आहेत.”

“पटतंय हो. पण सुतारांना काय सांगू?”

शीतल मधल्या रॅकशी गेली. एका चिठ्ठीची सुतळी सोडून तिने ती मुकुलसमोर धरली. बाबांचं ठसठशीत, उभट अक्षर:

‘मुकुल साहेब. ॲडमिन. आईच्या ऑपरेशनचे कागद व फोटो आहेत. विचारून, काढून देणे. मगच पुसणे.’

मुकुलने चिठ्ठी वाचली. परत वाचली. “हे माझं आधीचं मशीन? मला वाटलं, ते फोटो गेले.” चिठ्ठी शीतलकडे परत देत म्हणाला, “आईचे तेच शेवटचे आहेत.”

मग त्याने फोन उचलला. “भाई, मत आना. नहीं, रेट की बात नहीं है. देना ही नहीं है.” दुसरा फोन सुतारांना: मीटिंग रूमपासून सुरुवात करा. फोन ठेवून शीतलला म्हणाला, “भोकं तू पाडशील ना गं?”

“काकांपेक्षा सरळ पाडते. ते स्वतःच म्हणायचे.”

“आणि टेम्पोत बरोबर कोण जाणार?”

“मी,” रुचिरा म्हणाली.

गुरुवारी ती ड्रायव्हरशेजारी बसली. पायाशी बाबांचा डबा. आईने आज त्यात पोळी-भाजी भरून दिली होती, का ते न सांगता. कारखान्याच्या फाटकावर माणसाने वहीतून मान वर न करता विचारलं, “कंपनीकडून?” तिने सवयीने “हो” म्हटलं. पुढे गेल्यावर तिला स्वतःचा राग आला.

आत धूर नव्हता. मुखपट्टी आणि जाड हातमोजे घातलेल्या बायका लांब टेबलांवर मशीनं उघडत होत्या. बॅटऱ्या वेगळ्या पिंपात, तांबं वेगळं, हिरव्या पट्ट्या वेगळ्या. कुंडलिककाकांनी केलं तेच काम, पण बोटं शाबूत ठेवून. टोकाला चुरा करणारं मोठं यंत्र धडधडत होतं. हे सासर बघून, पसंत करून, बाबा पंधरा वर्षं इथे येत होते. रुचिराची मान आपोआप ताठ झाली.

देखरेखीला रत्नप्रभा नावाच्या बाई होत्या. त्यांनी मशीनं यादीशी पडताळली. शेवटी लॅपटॉपचं खोकं उरलं. लॅपटॉपच्या डिस्का इथेच, समोर उभं राहून काढून घ्यायच्या, म्हणून ते खोकं ऑफिसात कोणी उघडलं नव्हतं. बाबांनी शेवटच्या दिवशी स्वतः लावलेली चिकटपट्टी तशीच होती.

“यादीत अकरा,” रत्नप्रभाबाई म्हणाल्या, “आणि हे बारा कसे? काकांची कधी चूक होत नाही हो.” त्यांनी बारावा वर काढला.

आपल्याच लॅपटॉपच्या झाकणावरचा ओरखडा रुचिराने दुरूनच ओळखला. म्हणजे त्या बुधवारी अर्धा तास आधी निघून बाबांनी गाडीवाल्याला गाठलं होतं.

रत्नप्रभाबाईंनी चिठ्ठी मोठ्याने वाचली. “रुचिरा. माझी मुलगी. प्रबंध आहे. विचारून, काढून देणे. मगच पुसणे.” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “खात्याच्या जागी ‘माझी मुलगी’ लिहिलंय. आता हिला कुठे शोधायचं? तुम्ही ओळखता का, मॅडम? तुम्ही कंपनीत कोण?”

“मी कंपनीतली नाही. दशरथ राऊळ माझे वडील.”

यंत्राच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी कानाला हात लावला. “कोण?”

“माझे वडील!” रुचिरा ओरडली. टेबलांवरच्या बायकांचे हात थांबले, सगळ्या वळून पाहू लागल्या. तिने त्यांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, सावकाश सांगितलं, “जुनी मशीनं घेऊन इथे यायचे ना, ते माझे वडील!”