डाव्या पायाचा बूट

उस्तादांच्या गाडीत क्लच नव्हता, आणि ही गोष्ट फक्त तिघांना ठाऊक होती: उस्ताद, त्यांची बायको आणि गाडी विकणारा.

तसे उस्ताद पेशाने न्हावी. हात इतका हलका की गिऱ्हाईक खुर्चीतच पेंगायला लागे. पण उस्ताद ही पदवी त्यांना वस्तऱ्याने नव्हे, गिअरने मिळवून दिली होती. त्यांची ती छोटी लाल टर्बोवाली गाडी खिशाला परवडणारी, आणि पळायला लागली की भल्याभल्या महागड्या गाड्यांना घाम फोडणारी. अशा गाडीवाल्यांबद्दल लोकांचं मत आधीच ठरलेलं असतं: उडाणटप्पू, कानठळ्या बसवणारे, वाया गेलेले. खालच्या मजल्यावरच्या बाई तर उस्ताद जिन्यात दिसले की हातातली पिशवी छातीशी धरायच्या. उस्ताद मिशीत हसत. रविवारी सकाळी बंद गोदामामागच्या पटांगणात आपली गाडीवेडी माणसं भेटत होतीच की.

पण या आपल्या माणसांचा तोराही काही कमी नव्हता. स्वतःच्या हाताने गिअर टाकतो तो खरा चालवणारा, ऑटोमॅटिकवाला म्हणजे नुसता प्रवासी. ऑटोमॅटिक गाडीला तिथे ‘पाळणा’ म्हणत. हा शब्द काढला कुणी? खुद्द उस्तादांनी. आता भोगा!

जन्मभर उभं राहून लोकांची डोकी भादरता भादरता डावा गुडघा कामातून गेला. तो बदलल्यावर डॉक्टरांनी बजावलं, क्लचचं नाव काढायचं नाही. मग बायकोने पुढाकार घेऊन तीच गाडी, त्याच रंगात, ऑटोमॅटिक आणवली. मंडळींना उस्तादांनी ‘नवीन घेतली’ एवढंच सांगितलं आणि बाकीचं गिळलं. उस्ताद आणि पाळणा? कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

तेव्हापासून रविवार म्हणजे जिवाला घोर. काचा वर, गाडी कोपऱ्यात. कुणी “एक चक्कर मारू द्या की” म्हणालं की उस्तादांना नेमकं दुकान आठवे.

“अहो, सांगून टाका ना एकदाचं,” बायको म्हणे.

“आणि मग मला उस्ताद कोण म्हणेल?”

“मी कधी म्हणते? तरी चाललंय ना!”

त्या रविवारी सगळ्या गाड्या ओळीने पटांगणाबाहेर निघाल्या. उस्तादांच्या मागेच प्लंबर होता. पाळण्यांची टिंगल करण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नसे. फाटकाजवळ स्पीडब्रेकर आला आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने उस्तादांचा डावा पाय गिअर बदलायला क्लचवर पडला. क्लच कुठला? पाय सापडला तो ब्रेकवर, तोही सगळ्या ताकदीनिशी. गाडी जागच्या जागी थबकली. बायकोच्या हातातला थर्मास डॅशबोर्डवर आदळला. मागून प्लंबरचे टायर किंचाळले आणि त्याची गाडी वीतभर अंतरावर थांबली.

क्षणात सगळे भोवती गोळा झाले. उस्तादांनी स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं होतं. संपलं सगळं, त्यांना वाटलं. प्लंबर धावत आला आणि खिडकीशी वाकला.

“लागलं नाही ना कुणाला? वहिनी, ठीक आहात?” मग त्याने आत बघितलं, उस्तादांच्या पायाशी दोनच पेडल. उस्तादांनी डोळे मिटून घेतले.

“क्लच शोधायला गेला ना पाय?” प्लंबर म्हणाला. “होतं हो. माझं तर पहिल्या महिन्यात रोज...”

आणि त्याने जीभ चावली.

“तुझं?” मागून मंडळींतली बेकरीवाली म्हणाली. “तुझं रे कशात?”

प्लंबरचे कान लाल झाले. “घरी बायकोची ऑटोमॅटिक आहे. पण आठवडाभर मीच चालवतो. दिवसभर लोकांच्या बेसिनांखाली वाकून कंबर जाग्यावर राहत नाही. आणि खरं सांगू? झकास चालते!”

पहिल्यांदा हसली ती उस्तादांची बायको. मग हसू आवरेना कुणालाच.

“पण पाळणा हा शब्द काढला कुणी होता?” बेकरीवालीने डोळे पुसत विचारलं.

“मीच,” उस्ताद म्हणाले. कित्येक रविवारांनी त्यांना पोटभर श्वास घेता आला. इतकं हलकं वाटलं की रडू येईल की काय, अशी भीती वाटली.

“उस्ताद, एक ऐका,” प्लंबर हळूच म्हणाला. “डावा बूट काढून बसा. नुसत्या मोज्यात असला की पाय बिचकून असतो, ब्रेकवर जात नाही.”

ज्याला गिअर टाकायला शिकवलं होतं, त्याचं ऐकून उस्तादांनी मुकाट बूट काढला. घरी येईपर्यंत तो बायकोच्या मांडीवर होता आणि गाडीच्या सगळ्या काचा खाली होत्या.

जिन्यात खालच्या बाई समोर आल्या. उस्तादांचा एक पाय बुटात, एक मोज्यात, दुसरा बूट हातात आणि चेहरा हसून फुललेला. बाईंनी झटकन पिशवी छातीशी धरली.

उस्तादांनी बायकोला कोपराने ढोसलं. “बघितलंस?” ते आनंदाने कुजबुजले. “अजून घाबरतात!”