भय्यासाहेबांची मंजुरी

टावर चौकातल्या पागनीस केटरर्सचे मालक भय्यासाहेब यांची एक ठाम समजूत होती: आपण नसलो की धंदा बसलाच. त्यामुळे २०१० साली मुलगी अपर्णाने सगळं काम इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या प्रोग्रामवर चढवायचं ठरवलं आणि त्यासाठी इंदूरहून आलेल्या सुमीतने विचारलं, "अंकल, कौन-कौन सा काम आपकी मंजूरी के बिना रुकता है?" तेव्हा हे छाती फुगवून म्हणाले, "सब!"

झालं. भाजी, भांडी, टेम्पो, सगळ्यांपुढे भय्यासाहेबांची मंजुरी बसली. त्यांनी बटण दाबल्यावरच काम पुढच्या माणसाकडे सरकणार. प्रोग्राम दूर कुठल्याशा कंपनीच्या मशीनवर चालतो हे कळल्यावर तर स्वारी आणखीच खूश. एवढ्या लांबची मशीनसुद्धा आपल्यावाचून अडते! रजेलाही मंजुरी लागे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जाताना, नोकरांना वळण लागावं म्हणून, त्यांनी स्वतःचीही रजा रीतसर टाकली आणि रुबाबात निघून गेले.

डॉक्टरांनी स्क्रीन बघायला साफ मनाई केली. नेमकं त्याच दिवशी नानाखेड्याला मोठ्या लग्नाचं जेवण होतं. माधव नगरच्या घरी काळा चष्मा लावून पडलेल्या भय्यासाहेबांचा जीव टांगणीला लागला. टेम्पो निघालाच नसेल, वऱ्हाड उपाशी बसलं असेल, वडिलांपासूनचं नाव मातीत जाणार! शेवटी ते बायकोला म्हणाले, "अलका, तो लॅपटॉप आण. मी बघत नाही, तू वाच."

अलकाताई वाचू लागल्या. "भाजी, मंजूर. पुऱ्या, मंजूर. टेम्पो, मंजूर. अहो, जेवण पोचलं पण!"

भय्यासाहेबांनी ताबडतोब अपर्णाला फोन लावला. "माझा पासवर्ड कुणी चोरला?"

"कुणी नाही, बाबा. दहा मिनिटांत तुमचं उत्तर नाही आलं तर मंजूर समजून काम पुढे जातं. सुमीतने तसा नियमच टाकलाय."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तुम्ही दुपारी झोपता ना! रोजचंच लफडं झालं असतं."

"मग मी उठून रोज दाबतो ते?"

"ते बटण राहू दिलंय तसंच," अपर्णा हळूच म्हणाली. "तुम्हाला बरं वाटतं म्हणून."

भय्यासाहेबांना फार लागलं ते. मग आपलं आपल्यालाच हसू यायला लागलं. गाडीखालून चालणाऱ्या कुत्र्याला वाटतं, गाडी आपणच ओढतोय. इथे तर कुत्रं दुपारी झोपतही होतं.

"अहो, एक काम मात्र अडकलंय," अलकाताई म्हणाल्या.

भय्यासाहेब ताडकन उठून बसले. "बघ! मी म्हणत नव्हतो? कुठलं?"

"भय्यासाहेब पागनीस. रजा. मंजुरी बाकी."

"रजेला तो नियम नाही, बाबा," फोनवरून अपर्णा म्हणाली. "नाही तर सगळेच घरी बसतील."

"दाबू?" अलकाताईंनी विचारलं.

भय्यासाहेब परत आडवे झाले.

"दाब," ते म्हणाले. "आणि जरा वाढवून टाक."