शुद्धीत लावलेलं बोट

अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलिनात १९५०च्या सुमाराचा एक सोमवार. अंगणातल्या लोखंडी कढईत कपडे उकळत होते, डॉर्कस काठीनं ते ढवळत होती. नवरा एझ्रा कुदळीला धार लावत होता. नात लेना आज घरीच ओट्यावर बसून होती; काळ्यांच्या शाळेपर्यंत तीन कोस चालून तिच्या टाचा फुटल्या होत्या. गोऱ्या मुलांच्या शाळेची मोटार रोज तिच्या अंगावर धूळ उडवून जाई.

फाटकाशी कॉलवेलसाहेबांची गाडी थांबली. जमीन त्यांची, झोपडीही त्यांचीच. ते हसतच उतरले.

"काय मावशी, सांधे काय म्हणतात?"

"देवाची कृपा, साहेब."

"काळी-गोरी पोरं एकाच शाळेत बसवा म्हणून कोर्टात अर्ज जातोय. त्यावर सहीऐवजी तुझी फुली आहे म्हणे." त्यांनी खिशातून एक कागद काढला. "तुझा दोष नाही गं. तुमचा पाद्री गाऊन गाऊन उपदेश करतो, तुम्ही बाया भान हरपून नाचता. तेवढ्यात त्यानं लेखणी पुढं केली असणार. 'मी शुद्धीवर नव्हते,' एवढंच कबूल कर. तू लेखणीला बोट लाव, फुली मी मारतो. घर तुझं तुला."

केवढी सोपी वाट! पण ज्या गाण्यानं या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या जगवलं, त्यालाच खोटी साक्ष द्यायला लावायची?

डॉर्कसनं काठी ठेवली. "पाद्रीबाबा गायला लागले की माझं भान जातं, खरंय. त्या रविवारी टोपी कुठं, बूट कुठं! म्हणून तर तेव्हा लेखणीला शिवले नाही, साहेब. बसले, घाम पुसला, पाणी प्याले. अर्ज दोनदा मोठ्यानं वाचायला लावला. मग बोट लावलं."

साहेबांचं हसू मावळलं. "एझ्रा, तुझं नाव नाही त्यात. तू शहाणा. समजाव हिला, नाहीतर शनिवारी झोपडी रिकामी पाहिजे."

एझ्रानं पात्याच्या धारेवरून अंगठा फिरवला.

"शनिवारी करतो रिकामी, साहेब."

गाडी गेली. एझ्रा आत जाऊन रविवारचा कोट घालून आला.

"अहो, आज सोमवार! कुणाचं लग्न?"

"पाद्रीबाबांकडं जातो. अर्जावर अजून एका फुलीपुरती जागा असेल ना?"

डॉर्कसचे डोळे भरून आले. कोटाची कॉलर सारखी करता करता तिची नजर रस्त्याकडे गेली. गाडी वळणावरच थांबली होती. शेजारी आणखी दोन गाड्या, गोऱ्या माणसांनी भरलेल्या.

"मोठ्या रस्त्यानं नका जाऊ," ती हळूच म्हणाली. "दलदलीतून जा."

तो झाडीत दिसेनासा झाला. भर सकाळी तिनं लेनाला आत घेतलं आणि कडी लावली.

लेकरांना शाळेत सोडून आलेल्या वाचका, शाळा मागणाऱ्या माणसाला दलदलीची वाट का धरावी लागली, याचं देवापुढं काय उत्तर देशील?