माझी डावी वाटी

मित्रांनो, आवाज नीट येतोय ना? मी पेटीतून बोलतोय, म्हणून विचारलं.

मी एक जुना हेडफोन आहे. कानात खुपसायच्या त्या इवल्याशा गोळ्यांपैकी नव्हे. डोक्यावरून जाणारी कमान, तिच्या दोन टोकांना दोन खोलगट वाट्या, वाट्यांना मऊ गाद्या आणि खाली वेणीसारखी विणलेली जाड वायर, असा मी चांगला भारदस्त आहे. माझ्या वाट्या पाठीमागून पूर्ण बंद आहेत. काही हेडफोनांच्या पाठीला जाळी असते. त्यांच्यातला आवाज जरा बाहेर जाऊन हवा खाऊन येतो. माझ्यातला आवाज मात्र आतच राहतो आणि बाहेरचा आत येत नाही. जाणकार लोक याला माझा मोठा गुण म्हणतात. मला कधी कधी वाटतं, एखाद्या घराला खिडक्याच नाहीत म्हणून त्याचं कौतुक करावं, तसलं हे कौतुक आहे.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. बोटांना पातळ टोप्या घातलेल्या एका बाईंनी श्वास रोखून माझे दोन पडदे बसवले. हा पडदा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असतो. तो थरथरला की गाणं होतं. पण मित्रांनो, थरथरायचं कधी आणि किती, हे पडद्याच्या हातात नसतं. वायरीतून जे येईल तेच आम्हाला बोलावं लागतं. मनातलं एक अक्षरही बोलता येत नाही. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे याचंच सगळं दुःख आहे.

मला ज्यांनी घरी आणलं ते तेव्हा कोणाचेच बाबा नव्हते. इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत ते कामाला होते. दिवसभर रेघा ओढून आले की हातपाय धुऊन ते मला डोक्यावर चढवत आणि डोळे मिटून बसत. त्यांचं एक लाडकं गाणं होतं. त्यात दोन मैत्रिणी गातात. एक डाव्या कानात प्रश्न विचारते, दुसरी उजव्या कानात उत्तर देते. "दोघींच्या मधे बसल्यासारखं वाटतं," असं ते म्हणायचे.

त्यांच्यासारख्या वेड्यांचा एक गटही होता. अधूनमधून रविवारी सगळे आपापले हेडफोन आणि ॲम्प्लिफायर घेऊन जमत. ॲम्प्लिफायर म्हणजे आम्हाला ताकद पुरवणारं यंत्र. कोणाचं यंत्र कोणत्या हेडफोनला शोभतं यावर तिथे तासन्‌तास वाद चालत. शर्यतीला घोडा न्यावा तसे बाबा मला नेत. मला बोटांनी हळूच उचलून लोक म्हणत, "काय आवाज आहे!" ते माझे सोन्याचे दिवस होते.

मग आई घरात आली. तीही गाणं ऐकायची, मान डोलवायची. आणि मग खारू आली. खरं नाव वेगळं आहे, पण हाताला लागेल ते खारीसारखं कुठेतरी लपवून ठेवते म्हणून सगळे खारूच म्हणतात.

खारूच्या डाव्या कानाला जवळजवळ ऐकूच येत नाही, हे ती अगदी लहान असतानाच कळलं. "उजवा छान आहे. तो डोळ्यांत तेल घालून जपा," एवढंच कानांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आईने ते वाक्य पदराला गाठ मारावी तसं धरून ठेवलं. कोणी फुगा फुगवायला घेतला की तिचा तळहात खारूच्या उजव्या कानावर. मिक्सर लावायचा तर आधी खारू दुसऱ्या खोलीत. आणि प्रत्येक बाबतीत तिचे दोन शब्द ठरलेले: "आधी मी." दूध आधी तिच्या मनगटावर. घसरगुंडी तापलीय का, आधी तिचा हात.

बाबा चिडवायचे, "राजवाड्यात असतीस तर राजाचं जेवण आधी चाखायची नोकरी तुलाच मिळाली असती."

"आणि तुला मिळाली असती तर राजा उपाशी मेला असता. तुला जेवायला बसलोय हेच कळत नाही," आई म्हणायची.

एका संध्याकाळी आई खारूला अंघोळ घालत होती. टॉवेल बाहेर राहिला होता. तिने हाक मारली, पुन्हा मारली, ओरडली. बाबा माझ्या वाट्यांच्या आत होते. तिथे त्या दोन मैत्रिणी गात होत्या, दुसरं काही नव्हतं. शेवटी भिजलेल्या खारूला ओढणीत गुंडाळून आई समोर येऊन उभी राहिली. बाबांनी मला घाईघाईने उतरवलं.

ती ओरडली नाही. हळूच म्हणाली, "तू हे डोक्यावर चढवलंस की या घरात मी एकटी असते."

त्याच संध्याकाळी माझी वायर गुंडाळली गेली. पेटीची चेन ओढली गेली आणि मी कपाटावर गेलो.

मित्रांनो, माझी पेटी तुम्ही बाहेरून पाहाल तर म्हणाल, किती सुरेख! आत काळा फोम आहे आणि त्यात माझ्याच आकाराचा खड्डा कोरलेला आहे. कमानीला कमानीएवढी जागा, वाट्यांना वाट्यांएवढी. केसभरही हलता येत नाही. तुरुंगसुद्धा कैद्याच्या मापाने शिवत नाहीत हो! चेनीच्या दातांतून घरातलं काही पुसटसं ऐकू यायचं. कोणीतरी धपकन पडलं, रडलं, मग हसलं. खारू चालायला लागली असावी. पुढे "मला नको भाजी" असं स्पष्ट ऐकू आलं, तेव्हा कळलं की ती बोलायलाही लागली. माझ्या गाद्यांना चिरा पडल्या. माझ्यात शेवटचा सूर कोणता होता, तेही मी विसरत चाललो.

मग एका सकाळी खाली माझ्याबद्दल बोलणं ऐकू आलं.

"रविवारी गटाचा मेळावा आहे," बाबा म्हणत होते. "खारूला एकदाच ऐकवू. अगदी हळू. एका कानाने का होईना, पण इतकं स्वच्छ तिने कधी ऐकलंच नाहीये."

बराच वेळ भांडी लावण्याचा आवाज येत राहिला. मग आई म्हणाली, "मी येणार. माझ्यासमोर ऐकवायचं. आणि आधी मी."

मेळावा एका नाचाच्या क्लासच्या हॉलमध्ये होता. चारही भिंतींना आरसे. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःला पाहिलं आणि एकदम चाळीस-पन्नास वेळा पाहिलं. प्रत्येक आरशात टेबलं, वायरींची भेंडोळी, तापलेले ॲम्प्लिफायर आणि डोळे मिटून बसलेली माणसं. आई खुर्चीवर बसून आरशांतून सगळीकडे लक्ष ठेवून होती.

"याचा आवाज उबदार आहे," दाढीवाले काका म्हणाले. ते स्वतःच घरी ॲम्प्लिफायर बनवायचे.

"उबदार म्हणजे? स्वेटर आहे का?" आईने विचारलं. सगळे हसले.

"माझ्या मते दुसरा जास्त मोकळा आहे," दातांचे डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टर, पेशंटच्या किंकाळ्या ऐकून तुमचे कान गेलेत. तुम्हाला काय फरक कळणार!" काकांनी टोला हाणला.

आता नीट ऐका, मित्रांनो. दोन ॲम्प्लिफायरची तुलना करायची तर दोघांचा आवाज अगदी सारखा ठेवावा लागतो. जो किंचित मोठा वाजतो तोच माणसाच्या कानाला चांगला वाटतो, म्हणून. त्यामुळे आवाजाची बटणं एकदा जुळवली की त्यांवर चिकटपट्टी लावायची आणि कोणी हात लावायचा नाही, असा या गटाचा कडक नियम. त्या दिवशी बटणं जुळवली होती डॉक्टरांच्या हेडफोनसाठी. तो हेडफोन म्हणजे पैलवान. ढीगभर ताकद प्याल्याशिवाय तोंड उघडत नाही. त्यामुळे बटण पार शेवटाकडे फिरवून, वर पांढरी पट्टी मारून ठेवलेलं. सकाळपासून सगळे एकमेकांना बजावत होते, "बटणाला हात नको हं!"

मी पैलवान नाही. मला चिमूटभर ताकद पुरते.

चहाची वेळ झाली. गाणं मधेच थांबवलेलं होतं. "आता आमच्या खारूची पाळी," म्हणत बाबांनी पैलवानाची वायर काढली आणि माझी खोचली. हेडफोन बदलला की आधी बटण शून्याकडे फिरवायचं, हे त्या हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. पण इतक्या वेळा 'हात नको' म्हटल्यावर ते बटण कोणाला दिसेनासंच झालं होतं. बाबांनाही.

मला मात्र कळलं. वायर खोचताच माझ्या पडद्यांवर एक बारीक सळसळ उतरली. गाणं बंद असतानाही ताकद दाराशी येऊन उभी राहिली की अशी सळसळ येते. पुढे काय येणार ते मी जाणून होतो. समोर खारू उभी होती, केस कानामागे सारून, हसत. बाबा मला दोन्ही हातांनी तिच्या डोक्याकडे नेत होते. मला ओरडायचं होतं. मित्रांनो, आवाज हाच माझा जन्मभराचा धंदा, आणि मला हाक मारता येत नव्हती.

"थांब," आई म्हणाली. "आधी मी."

"अगं, काही नाही होत..."

"नाही होत ना? मग दे."

उजव्या हातात खारूचा हात धरूनच तिने डाव्या हाताने मला घेतलं आणि फोन धरावा तशी माझी डावी वाटी डाव्या कानाला लावली. "हं, लाव."

बाबांनी गाणं सुरू केलं.

जे आलं ते गाणं नव्हतं. माझ्यातून कधी असलं काही निघेल असं मला वाटलं नव्हतं. आई किंचाळली, मी तिच्या हातून सुटलो आणि माझी डावी वाटी लोखंडी खुर्चीच्या पायावर आपटली. "बटण! अरे, बटण!" दाढीवाले काका धावले. सगळं शांत झालं.

आई खाली बसली होती, कान दाबून. बाबा धावत तिच्याजवळ आले.

"तिचा कान बघ," आई म्हणाली.

"तिला काही झालेलं नाही. ती लांब होती. तुझा कान कसा आहे?"

"काय?" म्हणत आईने मान वळवली आणि उजवा कान पुढे केला.

खारू तिच्याकडे टक लावून पाहत होती. "आई माझ्यासारखं करतेय," ती म्हणाली.

बाबा त्या बटणावरची पट्टी सोलत राहिले. आता ती सोलून काही उपयोग नव्हता, तरी.

आईच्या कानात काही आठवडे शिट्टी वाजत होती. डॉक्टरीणबाईंनी औषधं दिली. हळूहळू ऐकू येऊ लागलं, पण शांत खोलीत बारीक शिट्टी अजूनही येते म्हणते. त्या दिवसांत मी पेटीत होतो, तरी एक बोलणं मला ऐकू आलं.

"मला वाटायचं, हाक मारली की खारू उगाच इकडेतिकडे बघते, लक्ष नसतं तिचं," आई सांगत होती. "तसं नाहीये रे. ती शोधत असते. आवाज येतो, पण कुठून येतो तेच कळत नाही. मी काल आपल्याच स्वयंपाकघरात तुला शोधत होते."

बाबा म्हणाले, "मी तो हेडफोन कोणाला तरी देऊन टाकतो. डावी बाजू गेलीच आहे त्याची."

पेटीची चेन उघडली. उजेड आला. बघतो तर आई.

"डावी गेली ना?" ती म्हणाली. "मग आता हा तिच्याच मापाचा झाला. आणि बटण मी धरणार."

तिने ते आधी स्वतः अगदी शून्यावर नेलं. मग उजवी वाटी स्वतःच्या चांगल्या कानाला लावून बटण तसूतसूने वाढवलं. मग कुठे खारूच्या डोक्यावर मी बसलो. त्या दोन मैत्रिणींचं गाणं लागलं. खारू बराच वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "ही कोणाला उत्तर देतेय?"

बाबांनी तोंड फिरवलं. प्रश्न विचारणारी मैत्रीण डाव्या वाटीत होती, आणि ती वाटी मुकी होती. ती बोलती असती तरी खारूला पोचली नसती.

पुढच्या रविवारी दाढीवाले काका स्वतः घरी आले. काडेपेटीएवढी एक डबी त्यांनी माझ्या वायरीत बसवून दिली. तिच्यामुळे दोन्ही बाजूंचं गाणं एकत्र होऊन उजव्या वाटीत येतं. आईने पुन्हा शून्यापासून सुरुवात केली. खारूने ऐकलं, डोळे मोठे केले आणि ओरडली, "आई, यात विचारणारी पण आहे!"

मित्रांनो, त्यानंतरही मी पेटीतच राहतो. त्याच मापाच्या खड्ड्यात. फक्त आई आता चेन बोटभर उघडी ठेवते. खारू ऐकत असली की आई तिच्या समोरच बसते, कारण तिचा एकुलता कान मी झाकलेला असतो आणि मागून मारलेली हाक तिला पोचणार नाही.

तुमच्याकडेही माझा कोणी भाऊबंद असेल. त्याला कानाला लावण्याआधी आवाजाचं बटण शून्यावर आणा. आधी हातभर दूर धरून ऐका, मग जवळ घ्या. आणि घरात कोणी आपल्याला हाक तर मारत नाही ना, हे पाहायला मधूनमधून त्याला उतरवून ठेवा. आम्हाला सांगता येत नाही, म्हणून तुम्हीच लक्षात ठेवा.

माझी डावी वाटी कायमची बंद झाली. पण परवा खारूने त्या वाटीच्या गादीखाली एक काचेचा मणी लपवला. कोणालाच माहीत नाही. पेटी हलली की तो मणी आतल्या आत खुळखुळतो. वायरीतून न आलेला, माझा असा तेवढाच एक आवाज.