खुंटीवर राहिलेला वायपर

गाडीतून काढलेली प्रत्येक वस्तू भाऊजी आधी काट्यावर चढवायचे आणि मगच खुंटीवर टांगायचे.

मागची सीट, चौदा किलो. दारांची अस्तरं, सहा. हीटर, रेडिओ, सामानाच्या फळीचं झाकण. बेकरीच्या मागच्या खोलीत भिंतभर खुंट्या होत्या आणि प्रत्येकीखाली खडूने वजन लिहिलेलं. ज्या घरात चिमूटभर मीठसुद्धा मोजल्याशिवाय पिठात पडत नाही, त्या घरातला धाकटा शर्यतीच्या गाडीचा मिस्तरी झाला, तर तो दुसरं काय करणार? गाडी हलकी झाली की पळते, हे त्यांना कुठूनसं कळलं होतं, आणि कळलं ते असं कळलं की त्यापुढे त्यांना काही दिसेना. चौथ्या रांगेत तिसऱ्या खुंटीवर वायपर होता. मोटर, दांडा, वायर, सगळं एकत्र बांधून. दोन किलो शंभर ग्रॅम. तो काढला त्या दिवशी भाऊजींनी थोरल्या भावाला, दादाला, भट्टीपासून ओढत आणून आकडा दाखवला होता.

आता ती खुंटी सात तास लांब, घरी होती, आणि शर्यतीच्या मैदानावर शनिवारी सकाळपासून पाऊस कोसळत होता.

गाडी चालवायच्या वहिनी, म्हणजे दादाची बायको. तीस वर्षं त्यांनी पावाची व्हॅन हाकली. वळणावर गाडी कधी कलायची ते कळायचं नाही. मागच्या टोपल्यांतला एक पाव जागचा हलायचा नाही. मुलं मोठी होऊन पांगली तेव्हा त्या एक दिवस म्हणाल्या, "आता पाव मागे नकोत. एकदा रिकामी चालवून बघायचीय." देव कुणाच्या मनात कुठली आवड कधी पेरेल, त्याचं त्यालाच ठाऊक. दादाने हातात घड्याळ घेतलं, भाऊजींनी पाना घेतला, आणि झाली यांची टीम.

पण यंदा गोष्ट अडली होती. हौशी चालकांचा परवाना चालू ठेवायचा तर वर्षात तीन शर्यती पूर्ण कराव्या लागत. नंबर कितवाही येवो, शेवटचा झेंडा गाठला पाहिजे. वहिनींच्या दोन झाल्या होत्या. हंगामातली ही शेवटची. परवाना एकदा बंद पडला की पंचावन्न ओलांडलेल्याला नवा मिळत नसे, आणि वहिनींचे पंचावन्न पुढच्या महिन्यात भरत होते. रविवारची ही एक शर्यत हुकली, तर वहिनी परत आयुष्यभर पावाच्या व्हॅनमध्ये.

शनिवारच्या सरावाला त्या तशाच गेल्या. निघताना पीठ खरवडायची रबरी पट्टी काढून त्यांनी काच पुसली. ती पट्टी त्यांच्या खिशात कायम असायची. बायका रुमाल ठेवतात तशी. पहिली फेरी झाली. दुसऱ्या फेरीत समोरच्या गाडीने उडवलेलं पाणी काचेवर आलं आणि काच पांढरी झाली. वहिनी सरळ खडीत गेल्या. पुढचा बंपर एका बाजूने सुटून लोंबायला लागला.

ट्रॅक्टरने गाडी ओढत आणली. वहिनी उतरल्या, हेल्मेट काढलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, वायपर कुठाय?"

"खुंटीवर."

"कुठल्या?"

"चौथी रांग, तिसरी."

"वा. पत्ता अगदी पक्का आहे."

दादा हसला. भाऊजी हसले नाहीत. पावसाने ओले झालेले त्यांचे कान लाल झाले होते.

तेवढ्यात तपासनीस आला. म्हातारा, काटक माणूस. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पिशवी कोटाच्या आत. गाडीच्या नाकाशी उभा राहून तो बराच वेळ जिथे वायपर असायला हवा तिथे बघत राहिला.

"उद्या पावसात काच पुसली जात नसेल तर गाडी आत सोडणार नाही," तो म्हणाला. "बंपरही असा लोंबता नको. उद्या नऊ वाजता बघेन."

शेजारच्या गाळ्यात एक चष्मेवाले मालक होते. त्यांच्या तंबूला फरशी होती, फरशीवर चटई होती, आणि चटईवर त्यांची गाडी कापड पांघरून बसली होती. ते चहाचा कप घेऊन हळूहळू इकडे आले.

"काकू, या हवेत कशाला हट्ट? आमचा पोरगा तरणाताठा, त्यालाही मी जपून जा म्हटलंय. तुम्ही आमच्याकडे बसून बघा उद्या. खुर्ची देतो, छत्री देतो."

"छत्री द्याच," वहिनी म्हणाल्या. "मिस्तरी भिजतोय, काम करायचंय त्याला."

चष्मेवाल्यांना छत्री द्यावी लागली. खरं सांगायचं तर माणूस वाईट नव्हता. तासाभराने त्यांनी वायपरची एक जादा मोटरही पाठवली. पण ती बसवायची कशावर? भाऊजींनी वायरी काढल्या होत्या, फ्यूज काढला होता, मोटर बसवायची पत्र्याची बैठकसुद्धा कापून टाकली होती. ऐंशी ग्रॅमसाठी. मोटर हातात घेऊन ते बॉनेटपाशी उभे राहिले. त्यांना वाटलं, आपण वहिनींच्या वाटेतला एकेक दगड उचलत होतो असं समजत होतो, आणि उचलला तो त्यांच्या पायाखालचा.

"दादा, मी घालवलं रे सगळं," ते म्हणाले.

"घालवलंस ना," दादा म्हणाला. "आता रडून गाडीचं वजन वाढवू नकोस."

वहिनी व्हॅनच्या मागच्या पायरीवर बसून नियमांचं पुस्तक वाचत होत्या. चष्मा नाकाच्या टोकावर, बोट ओळीखाली. पोथी वाचावी तशा त्या ते पुस्तक वाचायच्या, प्रत्येक शब्द ओठांनी लावून.

"अहो, ऐका. 'पावसात चालकाला जागेवर बसून समोरची काच पुसता आली पाहिजे.' एवढंच लिहिलंय. मोटर पाहिजे असं कुठेच नाही."

"मग काय हाताने पुसणार?" दादा म्हणाला.

वहिनींनी खिशातली रबरी पट्टी काढली आणि भाऊजींसमोर धरली.

भाऊजींनी पट्टी घेतली. एकदा पट्टीकडे, एकदा काचेखालच्या भोकाकडे पाहिलं. वायपरचा आस जायचा ते भोक त्यांनी रबरी बुचाने बंद केलं होतं. बूच निघालं. भोकातून एक लांब बोल्ट आरपार घातला. आतल्या टोकाला आडवा पाना आवळला, हा हाताने फिरवायचा दांडा. बाहेरच्या टोकाला पोलादी पट्टी, तिला बिजागरी, तिच्या पुढे पीठ खरवडायचं रबर. पाना डावीउजवीकडे हलवला की रबर काचेवरून फिरायचं. फिरायचं खरं, पण अधांतरी. काचेवर दाबून धरेल असं काही नव्हतं.

"स्प्रिंग पाहिजे," भाऊजी म्हणाले. "ताणून धरणारी."

तिघांनी मैदान पालथं घातलं. कुणाकडे जाड होती, कुणाकडे आखूड, कुणाकडे नुसती सहानुभूती. अंधारायला आलं तसे भाऊजी परत आले आणि पेटीपाशी थांबले. पेटीत काटा होता. त्यांच्या वडिलांचा टांगता काटा, पितळी तबकडीचा, आत लांब पोलादी स्प्रिंग. पेट्रोलचा डबा मोजायला भाऊजी तो शर्यतीला बरोबर आणायचे. याच काट्यावर, पावाच्या टोपलीत घालून, भाऊजींचं जन्माचं वजन केलं होतं. तीन किलो दोनशे. तबकडीवर तिथे वडिलांनी खिळ्याने बारीकशी रेघ मारून ठेवली होती.

दादाला कळलं. "अरे, तो राहू दे. सकाळी बघू काहीतरी."

"सकाळी काय आभाळातून स्प्रिंग पडणारेय?"

भाऊजींनी स्क्रू सोडवले. तबकडी पुसून, फडक्यात गुंडाळून वहिनींच्या पिशवीत ठेवली. स्प्रिंग बसली आणि रबर काचेवर असं टेकलं, जसं लेकरू आईच्या खांद्यावर टेकतं.

"नट एकच लावलाय," वहिनी बॅटरी धरून आत वाकल्या होत्या.

"एक पुरतो."

"भाऊजी."

त्यांनी दुसरा नट लावला. मग स्वतःहून तिसराही.

"वजन किती झालं रे?" दादाने विचारलं.

"कोण मोजतंय," भाऊजी म्हणाले. मोजायला आता काटाच नव्हता.

रविवारी नऊला तपासनीस आला तेव्हा पाऊस होताच. बंपर चिकटपट्टीच्या सात वेढ्यांत गाडीला धरून होता. चष्मेवालेही कप घेऊन हजर.

"हे काय?" तपासनीसाने विचारलं.

"वायपर," वहिनी आतून म्हणाल्या. "कलम बावीस वाचा, साहेब."

"कलम मीच लिहिलंय, बाई. चालवून दाखवा."

वहिनींनी डाव्या हाताने पाना धरला. एक, दोन, तीन. काच पुसली जात होती. तपासनीस थांबा म्हणाला नाही, म्हणून त्या थांबल्या नाहीत. चाळीसनंतर त्याने हात वर केला.

"गिअर कोणत्या हाताने टाकता?"

"ह्याच."

"आणि पुसणार?"

"तेही ह्याच. स्टिअरिंग उजव्या. देवाने दोन दिलेत, साहेब, तेवढ्यात भागवते. तीस वर्षं एका हाताने भट्टीचं दार धरलंय, दुसऱ्याने ट्रे ओढलाय. दार सोडलं तर हात भाजतो, ट्रे सोडला तर पाव जातात. आजवर दोन्हीपैकी एकही सोडलेलं नाही."

चष्मेवाले म्हणाले, "साहेब, हा खेळ झाला. उद्या कुणी झाडू बांधून आणेल."

तपासनीसाने त्यांच्याकडे पाहिलं. "झाडूने काच पुसली गेली तर त्यालाही सोडेन." आणि त्याने बॉनेटवर हिरवा कागद चिकटवला. ओल्या पत्र्यावर तो तीनदा निघाला. चौथ्यांदा भाऊजींनी तो चिकटपट्टीखाली दाबला.

पंधरा फेऱ्या. सतरा गाड्या. वहिनी सगळ्यांत मागे सुटल्या आणि मागेच राहिल्या. सबंध शर्यत त्यांनी जवळजवळ तिसऱ्या गिअरमध्ये ओढली, कारण हात पान्यावर होता. दर वेळी गाडी समोरून गेली की भाऊजींना काचेवर इकडून तिकडे, तिकडून इकडे जाणारी ती पट्टी दिसायची आणि तेवढ्यापुरता त्यांचा श्वास चालायचा. पाऊस वाढला. दादा डोळे मिटून देवाचं नाव घ्यायचा, आणि दर वेळी डोळे उघडले की मैदानातली एखादी गाडी कमी झालेली असायची.

"दादा, तू प्रार्थना नक्की कसली करतोयस?"

"आपली सुखरूप येऊ दे, एवढीच. बाकीच्यांचं मी काही म्हटलेलं नाही."

सातव्या फेरीला चष्मेवाल्यांचा तरणाताठा पोरगा खडीत गेला. दहाव्या फेरीला काळा झेंडा निघाला, त्यावर नारिंगी गोल, खाली पाटीवर वहिनींचा नंबर. म्हणजे गाडीत बिघाड आहे, आत या. बंपर पुन्हा लोंबत होता.

वहिनी गाळ्यापुढे येऊन थांबल्या. काच खाली केली.

"किती वेळ?"

भाऊजींच्या एका हातात चिकटपट्टी होती, दुसऱ्यात दोरी. ओल्या पत्र्यावर पट्टी धरेना. दोरी अडकवायला जागा नव्हती, सगळ्या आकड्या त्यांनीच कापल्या होत्या. मग त्यांनी पट्टी टाकली, दोरी टाकली, बंपरला दोन्ही हात घातले, पाय चाकावर रोवला आणि सगळा बंपर मुळापासून उपटून मागे फेकला.

"जा," ते म्हणाले.

"पाच किलो कमी झालं," दादा म्हणाला.

वहिनी गेल्या.

चौदाव्या फेरीला पट्टी हळू झालेली भाऊजींनी पाहिली. नट सुटला असेल, त्यांना वाटलं. पण नट नव्हता सुटला. हात थकला होता. पट्टी अर्ध्यावर थांबायची, पुन्हा निघायची. भाऊजी कठड्यावर चढले आणि ओरडण्याऐवजी आपला डावा हात हवेत डावीउजवीकडे हलवायला लागले, जणू इथून ओढलं तर तिथे काच पुसली जाणार होती. दादाही त्यांच्या शेजारी चढला आणि तेच करू लागला. घड्याळ त्याच्या गळ्यात तसंच धावत राहिलं. लोक बघत होते. बघोत.

शेवटचा झेंडा चौकड्यांचा. सतरातल्या नऊ गाड्या त्याच्याखालून गेल्या. नववी वहिनींची.

गाळ्यात परतल्यावर त्यांना पाना सोडता येईना. बोटं वळलेली तशीच राहिली. दादाने आत वाकून एकेक बोट सोडवलं, अगदी सावकाश, आणि त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून बसला. तपासनीस आला. कोटातून पिशवी, पिशवीतून वही, वहीतून परवान्याचा कागद. त्याने शिक्का मारला, सही केली आणि रकान्यावर पेन थांबवलं.

"वायपरचा प्रकार लिहावा लागतो," तो म्हणाला. जरा विचार करून त्याने लिहिलं: हाताचा.

चष्मेवाले छत्री मागायला आले होते. वहिनींच्या हाताकडे बघत त्यांनी ती तिथेच राहू दिली. "काकू, पुढच्या वर्षी येणार?"

"परवाना आहे," वहिनी म्हणाल्या. "न यायला काय झालं?"

मग त्या भाऊजींकडे वळल्या. "घरी गेल्यावर ती मोटर खुंटीवरून काढून बसवा हां. वायरी, फ्यूज, सगळं."

"बसवतो."

"आणि हा पाना काढायचा नाही."

"वहिनी, दोन-दोन वायपर? वजन..."

"भाऊजी."

बंपर चिखलात पडला होता, तो उचलायला भाऊजी गेले. उचलताना सवयीने त्यांनी तो हातावर तोलून पाहिला. आणि किती भरला ते कुणालाही न सांगता त्यांनी तो गाडीच्या मागच्या भागात टाकला.