फिरकीचा तांब्या

"ह्या हॉटेलात शेगडी नाही, काका. केटल आहे, इस्त्री आहे, टॉवेल रोज बदलतात, सकाळचा नाश्ता धरलेला आहे," ट्रॅव्हल एजन्सीवाल्या रोशनीने स्क्रीन नानांच्या बाजूला वळवली. "पण खिचडी टाकीन म्हणाल तर नाही जमणार."

"आणि दुसरं?"

"दुसरं अपार्टमेंट. त्यात शेगडी, फ्रिज, कपड्यांचं मशीन, सगळं. फक्त माणूस नाही. दाराशी एक डबी असते. तिचा नंबर फिरवायचा, आतली किल्ली काढायची आणि आपलं आपण घरात जायचं. कोणाचं तोंड बघायला नको."

कोणाचं तोंड बघायला नको, हे नानांना एकदम पटलं. हिरामण आहेर, म्हणजे नाना, सातपूरच्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी करून रिटायर झालेले. खिडकीतून ड्रिल, ग्राइंडिंगची चाकं द्यायची, सही घ्यायची आणि गर्दी ओसरली की मांडीवरचं पुस्तक पुढे वाचायचं. जन्मभर जगाशी त्यांचा संबंध त्या खिडकीएवढाच आला. हॉटेलच्या काउंटरवर इंग्रजीत बोलायचं, ह्याचीच त्यांना धास्ती होती.

"पण मी खरं सांगू का?" रोशनीने आवाज उतरवला. "अडीच महिने एकटं राहायचंय तुम्हाला. हॉटेलात दोन दिवस दिसला नाहीत तर कोणीतरी दार वाजवेल. अपार्टमेंटमध्ये कोण वाजवणार?"

नाना म्हणाले, "तेही खरंच." समोरचा जे म्हणेल त्याला तेही खरंच म्हणायची त्यांना सवय होती.

रोशनीने जारमधलं पाणी ग्लासात ओतून त्यांच्यापुढे सरकवलं. नानांनी संकोचून पिशवीकडे हात केला. पिशवीत नेहमीप्रमाणे पितळेचा फिरकीचा तांब्या होता. झाकणाला आटे पाडलेला, त्यामुळे आडवा पडला तरी थेंब सांडायचा नाही. "आहे माझ्याजवळ," ते म्हणाले.

"एक विचारू? रागावू नका हं. स्टुटगार्टला मुलगी आहे ना तुमची? मग तिच्याकडेच का नाही राहत?"

"आमच्यात राहत नाहीत," नाना तांब्याच्या फिरकीशी चाळा करत म्हणाले. "लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं अन्न-पाणी घेत नाही. मुक्काम तर नाहीच."

"अजून? कमाल करता काका! माझे पप्पा ताईकडे महिना-महिना असतात. वर चहात साखर कमी म्हणून तिच्याशी भांडतात."

नाना हसले. हसताना आत काहीतरी टोचलं. रोशनीला सांगितलं ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. मुलीला, तृप्तीला, फोनवर "येऊ का गं तिकडे?" असं विचारलं, तेव्हा त्यांच्या मनात एक वेडी आशा होती. त्यांची बायको लंकाबाई गेल्या श्रावणात वारली. तृप्ती आली ती दहाव्याला, आणि तेराव्याचं जेवण आटोपताच परत गेली. बापलेकीचं धड बोलणंही झालं नाही. आता घरात दोघंच उरलो, तर ती म्हणेल, नाना, पुरे झालं ते जुनं, माझ्याकडेच उतरा. ती तसं म्हणाली की आपण थोडे आढेवेढे घेऊ आणि मग हो म्हणू, असं त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

तृप्ती क्षणभर थांबून म्हणाली होती, "या ना. हॉटेल बघू का अपार्टमेंट?"

"तेही खरंच," नाना म्हणाले होते.

"दोन दिवसांत ठरवा हं," रोशनीने आता बजावलं. "व्हिसाच्या कागदांत राहण्याचा पत्ता लागतो."

घरी आल्यावर नानांनी भात टाकला आणि ते गॅलरीत बसले. गॅलरीच्या छताला एक लोखंडी कडी होती. तृप्ती लहान असताना नानांनी कारखान्यातल्या फिटरकडून ती बसवून घेतली होती, आखाजीच्या झोक्यासाठी. त्यांच्या गावी, देवळ्याकडे, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया हा लेकींचा सण. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, झोके बांधतात, दिवस दिवस गाणी म्हणतात. तृप्ती लग्नानंतर एकदाच आखाजीला आली. आता कडीला कपड्यांची दोरी बांधलेली होती.

देवळ्याहून अक्काबाईचा फोन आला. नानांची ही थोरली बहीण. फोनवर बोलायचं म्हणजे पार गावच्या वेशीपर्यंत ऐकू गेलं पाहिजे अशी तिची समजूत.

"काय रे हिरामण, आखाजीले लेकी माहेरले येतस. तू उलटाच निंघना का?"

"हो गं अक्का. हॉटेल घ्यावं का अपार्टमेंट, ते बघतोय."

"तठे लेकनं घर शे ना? मंग लॉज कसाले रे भाऊ?"

"तृप्तीला मूलबाळ नाही अजून. आपल्यात चालत नाही ना."

"कोन म्हनस?"

"तूच म्हणाली होतीस. तिच्या लग्नात, सगळ्यांसमोर."

"मी?" अक्काबाई खो खो हसली. "अरे, ते मांडवमा बोलाना शब्द व्हतात! मी जवाईना घर महिना महिना राहस. नातूना जलमना आधीपासून राहस. माले कोनी फाशी दिधी का?"

अक्काबाईचं हसणं ओसरलं. मग तिचा आवाज कधी नव्हे इतका खाली आला.

"तू तिना घर तांब्या लई जास, तवय तिले काय वाटत व्हई रे? दरखेप आठवन करी देस तू तिले."

कशाची, ते अक्काबाईने म्हटलं नाही. फोन ठेवून नाना छताच्या कडीकडे बघत राहिले. आत भात करपल्याचा वास सुटला, तेव्हा उठले.

ते जेवले नाहीत. डोळ्यांसमोर तृप्तीचं पुण्याचं घर उभं राहिलं. लग्नानंतर काही वर्षं ती आणि तिचा नवरा राकेश पुण्यात होते. नाना आणि लंकाबाई पहाटेच्या एसटीने जायचे, तांब्या आणि शिदोरी घेऊन, आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचे. लंकाबाई स्वयंपाकघरात गेली की लवकर बाहेर यायची नाही. एकदा नाना हात धुवायला आत गेले, तर मोरीत चहाचे दोन कप ओले होते. त्यांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. बायको मोडते आहे तो नेम आपणही मोडावा, असं त्यांना तेव्हा फार वाटलं होतं. पण धीर झाला नाही. कोण काय म्हणेल, ह्या धाकापलीकडे त्या नेमात त्यांचा विश्वास असा नव्हताच. असले नेम झुगारून देणाऱ्या माणसांच्या गोष्टी त्यांनी वाचनालयातून आणून ढिगाने वाचल्या होत्या. त्यातल्या एकानेही त्यांना ग्लासभर पाणी प्यायला शिकवलं नाही.

आणि तृप्ती दरवेळी ग्लास भरून त्यांच्यापुढे ठेवायची. वर एक छोटी ताटली झाकायची. बोलायची काही नाही. निघायची वेळ झाली की तो तसाच्या तसा उचलायची आणि खिडकीतल्या तुळशीला घालायची. पहिली वर्षं नानांना त्यात गंमत वाटली. पोरगी हट्टी आहे, म्हणाले. मग मध्ये दोनदा दवाखाने झाले, दोनदा आशा लागून मोडली. तरी ग्लास यायचा. जर्मनीला जाण्याआधी ते भेटायला गेले, त्या वेळी मात्र आला नाही. नानांनी बरं मानलं. चला, समजूतदार झाली.

समजूतदार. त्यांनी तोंडावर हात दाबून धरला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. रविवारी संध्याकाळी तृप्तीचा फोन यायचा, तेव्हा तिकडे दुपार असायची. नानांनी दिवसभर एकच वाक्य घोळवलं. आंघोळ करताना म्हणून पाहिलं, दूध आणायला जाताना म्हणून पाहिलं. फोन वाजला तेव्हा ते उभे राहिले. स्टोअरच्या खिडकीत साहेब आले की उभे राहायचे तसे.

"नाना, काय ठरलं मग?"

"तृप्ती, मी काय म्हणतो. हॉटेलही नको आणि अपार्टमेंटही नको. मी तुझ्याकडेच राहीन. तुझ्या घरचं पाणी पिईन." इतकं पाठ केलेलं होतं. पुढचं आपोआप आलं. "चालेल का गं तुला?"

पलीकडे कुठेतरी ट्रामची घंटा वाजल्यासारखं झालं.

"तृप्ती?"

"आत्ता म्हणता नाना?"

आवाजात राग नव्हता.

"किती वर्षं मी ग्लास भरून ठेवत होते. मला वाटायचं, आज पितील. आईला म्हणायचे, आई, आज नाना खूप उन्हातून आलेत, आज पितील." तिने श्वास घेतला. "आता माझं घरच नाहीये, नाना."

"म्हणजे?"

"राकेश सोडून गेला. दिवाळीनंतर. त्याला मूल हवं होतं. मलाही हवंच होतं की. पण मी थकले आणि तो थांबला नाही. आम्ही राहत होतो तो फ्लॅट त्याच्या नावावर होता. मी एका आजीबाईंच्या घरात खोली घेऊन राहते. पाहुणा आणायचा नाही, अशी त्यांची अट आहे."

"आणि तू मला..."

"कसं सांगणार? आईला थोडं माहीत होतं. कुरबुरी सुरू झाल्या तेव्हाच तिला सांगितलं होतं. ती म्हणाली, नानांना मी सांगते सावकाश. मग ती आजारीच पडली." तृप्ती मध्येच हसली, पण ते हसणं फोनमध्ये धड पोचलं नाही. "तुम्ही येतो म्हणालात तेव्हा आधी मी घाबरले. मग आठवलं, नाना तर माझ्याकडे राहणारच नाहीत. म्हटलं, सुटले. सांगायलाच नको. हॉटेलात येऊन तुम्हाला भेटत जाईन. जन्मात पहिल्यांदा मला त्या तांब्याचं बरं वाटलं."

अशा वेळी माणसं काय बोलतात ते नानांनी पुस्तकांत वाचलेलं होतं.

"जेवतेस का नीट?" त्यांनी विचारलं.

"जेवते. ब्रेड खाते. तुम्ही?"

"भात टाकतो मी. काल करपला."

फोन ठेवायचं कोणी म्हणेना. शेवटी तृप्तीच म्हणाली, "तुम्ही हॉटेलच घ्या, नाना. तुमची कोणीतरी चौकशी करेल."

ह्या वेळी नाना तेही खरंच म्हणाले नाहीत.

सोमवारी सकाळी रोशनी कुलूप काढत होती, तेव्हा नाना तिच्या दुकानाच्या पायरीवर बसलेले होते.

"एवढ्या लवकर? चहा तरी झाला का काका?" तिने पंखा लावला, कॉम्प्युटर सुरू केला. "बोला. हॉटेल ना?"

"अपार्टमेंट. शेगडीवालं."

"बघा हं, एकटे असाल."

"दोन खोल्यांचं बघ."

रोशनीने चष्म्यावरून पाहिलं. "एकट्याला दोन खोल्या कशाला? सोलो ट्रिप ना तुमची? उगाच भाडं वाढेल."

"वाढू दे." नानांनी घसा साफ केला. "माणसं दोन लिही."

"दुसरं कोण?"

"मुलगी माहेरी येणार आहे. आखाजीला."

रोशनीच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. माहेर तर इथे आहे ना काका, असंच काहीसं असावं. तिने नानांच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते गिळलं. मुकाट्याने एकाचे दोन केले. मग एकेक फोटो उघडून दाखवू लागली. पलंग, खिडकी, खिडकीबाहेर टेकडीवर द्राक्षांच्या रांगा. आपल्याकडे मांडव असतो तसा नव्हता, नुसते खांब आणि उघड्या वेली. नानांनी ते फारसं पाहिलं नाही. स्वयंपाकघराचा फोटो आला तेव्हा मात्र म्हणाले, "थांब." ओट्याशी फळी होती आणि फळीवर काचेचे ग्लास पालथे घातलेले होते. नाना स्क्रीनच्या अगदी जवळ वाकले.

"नळाचं पाणी पितात का गं तिकडे?"

"पितात की. मस्त असतं म्हणे. तुमचा तांब्या विमानात भरलेला नेऊ देणार नाहीत हं, आधीच सांगते. रिकामा न्यावा लागेल."

"तो नाही नेणार."

प्रिंटर घरघरायला लागला. रोशनीने सवयीप्रमाणे जारखाली ग्लास धरला, भरला आणि टेबलावर ठेवला. ठेवताना तिच्या लक्षात आलं, काका घेत नाहीत. ती ग्लास परत उचलायला गेली.

नानांनी तो धरला. दोन्ही हातांनी. थोडं पाणी शर्टावर सांडलं. ते थांबले नाहीत, डोळे मिटून सगळा ग्लास प्यायले, आणि रिकामा ग्लास पुढे केला.

"अजून थोडं दे, बाळा."