तांदळाच्या डब्यातलं घड्याळ

माझे बाबा, दिनानाथ, अलिबागच्या कोर्टातून निवृत्त झाले आणि पाणबुड्यांच्या जुन्या घड्याळांच्या नादी लागले. स्वतःला पोहता येत नाही. हात धुतानासुद्धा घड्याळ काढून ठेवतात. पण 'दोनशे मीटर खोल चालतं' हे आल्यागेल्याला ऐकवल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. आणि हाच माणूस मला म्हणतो, "दर्यात जाणाऱ्याला मुलगी द्यायची नाही!" मला रेवदंड्याच्या, होडी घेऊन मासेमारीला जाणाऱ्या विनेशशीच लग्न करायचं होतं, आणि तेही बाबांच्या होकारानेच.

विनेशच्या वारलेल्या वडिलांना कुण्या परदेशी जहाजावरच्या पाणबुड्याने असंच एक घड्याळ दिलं होतं. ते कळल्यावर मात्र बाबा निघाले. "फक्त घड्याळ बघायला," असं मला बजावून.

एसटीत त्यांचं सुरूच. बुडी मारण्याआधी पाणबुड्या घड्याळावरचं कडं फिरवून खूण लावतो, म्हणजे खाली किती वेळ झाला ते कळतं. पुढे वर्षानुवर्षांनी काळी तबकडी चहाच्या रंगाची होते, चमकणारे ठिपके पिवळे पडतात. खरी गंमत त्या उतरलेल्या रंगातच.

विनेशच्या आईने, नीराबाईंनी, घड्याळ पुढे केलं आणि बाबांचा चेहरा पडला. नारळी पुनवेला होडी सजवतात तसं त्यांनी ते सजवलं होतं. राखेने घासून लख्ख, आणि होड्या रंगवणाऱ्या दयारामकडून काटे लाल, ठिपके हिरवे.

"अहो, जुना रंग हीच त्याची शान होती!"

"मळकी वस्तू पावन्याला दावायची व्हय? आन् ह्ये कडं लय कामाचं हाय. भात चढवला का फिरवायचं."

बाबा मटकन बसले. त्यांनी हात धुवायला काढून ठेवलेलं घड्याळ नीराबाईंनी उचललं. त्यांना दयाच आली. "ह्ये तं कवा घासलंच न्हाय. पान्यात चालतं ना?"

"दोनशे मीटर!" बाबा सवयीने बोलून गेले.

घड्याळ बादलीत गेलं. राख लागली. "अहो, नको!" म्हणेपर्यंत काचेआत धुकं धरलं आणि काटे थांबले. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, कारण माझं लग्न त्याच बादलीत बुडालं होतं.

नीराबाई ओशाळल्या. त्यांनी घड्याळ तांदळाच्या डब्यात पुरलं, आणि सोबतीला नवऱ्याचंही ठेवलं. "सुकंल. येऊन बघत जावा."

बाबा रोज जाऊ लागले. आधी नुसते फुगून बसत. मग बोंबलाचं कालवण पानात पडलं. मग ते मागून घेऊ लागले. पुढे तर भात चढला की रंगीत घड्याळ डब्यातून काढून स्वतःच कडं फिरवायचे.

एका दुपारी मीही सोबत गेले होते. त्यांनी आपलं घड्याळ काढून कानाला लावलं. टिकटिक मलाही ऐकू आली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, चुलीवरच्या कालवणाकडे पाहिलं, आणि घड्याळ पुन्हा तांदळात खुपसलं.

"विहीणबाई," ते म्हणाले, "अजून ओल हाय हो."